सहा महिन्यांत सवय होते म्हणतात, ती नक्की कशाची होते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येऊन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही मेडिसिनच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत करत एमडी शिकणाऱ्या डॉक्टर. ड्यूटीचा ३० वा तास चालू होता, इन्सुलिन ४ युनिटच्या जागी ४० लिहिलं गेलं, सिस्टरना शंका आली म्हणून त्यांनी फोन करून विचारलं आणि पेशंटला काही झालं नाही. सिनियर म्हणाले आम्ही पण असंच काढलंय, सहा महिन्यांत सवय होते. तुम्ही विचारताय की सवय खरंच होते का, तोपर्यंत कॉफी किती चालेल, एखादी गोळी घ्यावी का, हे असं चाललंच का आहे, आणि आपण या कामाला लायकच नाही की काय. आणि परवा परत नाईट आहे.

मी ॲनेस्थेशियातला, म्हणजे भूल देणारा डॉक्टर, २२ वर्षं झाली, त्यातली शेवटची १०-११ आयसीयूत. आता आमच्या युनिटचं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, पण मीच लावतो, म्हणजे शिव्या खाणाऱ्या बाजूला आहे. आधीच कबूल करतो, "सवय होते" हे वाक्य मी स्वतः कित्येक ज्युनियरना ऐकवलंय. अगदी मनापासून. कारण मला खरंच तसं वाटायचं.

आधी हे सांगायला हवं की बरंच काही परिस्थितीवर आहे. ३० तास म्हणजे सगळीकडे सारखे ३० तास नसतात. मध्ये सलग अडीच तास पाठ टेकायला मिळाली की २० मिनिटांच्या चार डुलक्या मिळाल्या यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्याकडे किती पेशंट आहेत, बरोबर दुसरं कोणी आहे का, सिनियरला रात्री उठवलं तर तो येतो की खेकसतो, घरी लहान मूल आहे का, तुमचं स्वतःचं थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक आहे का, हे मला माहीत नाही. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेल असं नाही.

आता सवयीचं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न जागं कसं राहायचं हा नाहीच. जागं तर तुम्ही होताच, पेन हातात होतं, डोळे उघडे होते, आणि तरी शून्य जास्तीचं पडलं. खरा घोळ हा की आपण किती थकलोय हे ज्या मेंदूनं ओळखायचं तोच थकलेला असतो.

२००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी लोकांना १४ दिवस रोज फक्त ६ तास झोपू दिलं आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने लक्ष लागण्याच्या चाचण्या घेतल्या. कामगिरी रोज घसरत गेली, आणि दोन आठवड्यांनी ती जवळपास एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. पण त्या लोकांना स्वतःला विचारलं की झोप किती येतेय, तर पहिले काही दिवस ते जास्त जास्त सांगत गेले आणि मग ते सांगणं एका जागी थांबल्यासारखं झालं. म्हणजे घसरण चालूच, फक्त ती जाणवायची बंद झाली. तुमच्या सिनियरला सहा महिन्यांत जी सवय झाली ती ही, पेंग न जाणवण्याची झाली, मेंदूची नाही. ते खोटं बोलत नाहीयेत हो, त्यांना खरंच बरं वाटतं.

आत काय होतं ते थोडं समजून घ्या, पुढच्या उपायांमागे तेच आहे. दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे जागं राहिल्यावर मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो, तो फक्त झोपूनच उतरतो. दुसरं शरीराचं घड्याळ, जे तुम्ही झोपा नाहीतर जागा, आपल्या वेळेनं चालतंच आणि पहाटे ३ ते ५ च्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. १९९७ मध्ये मोजून दाखवलंय की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची हात-डोळ्यांची कामं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होतात आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखी. पिऊन वॉर्डात आलेल्याला आपण घरी पाठवू. २४ तास जागलेल्याला आपण म्हणतो राउंड घ्या आणि मग जा.

आणि यातली फसवी वेळ पहाटेची नाही, सकाळी ९-१० ची आहे. पहाटे निदान आपल्याला कळतं की डोकं बधिर झालंय. सूर्य वर आला, घड्याळ चढायला लागलं, तोंडावर पाणी मारलं की एकदम फ्रेश वाटतं आणि माणूस म्हणतो चला, निघाली रात्र. झोपेचं कर्ज एका पैशानं फिटलेलं नसतं. आणि नेमकं याच वेळी राउंड, डिस्चार्ज, नवीन ऑर्डरी, नातेवाइकांशी बोलणं, सगळं एकदम अंगावर येतं.

सगळ्यात आधी काय जातं? लोकांना वाटतं हात थरथरतील, श्वासनळीत ट्यूब टाकता येणार नाही. तसं सहसा होत नाही. पेशंट कोलॅप्स झाला की ॲड्रिनॅलिन चढतं आणि रेसिडेंट ३० व्या तासाला पण सीपीआर व्यवस्थित देतो. जातं ते कंटाळवाणं लक्ष. शून्य, दशांश चिन्ह, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, डावं की उजवं, एकाच आडनावाचे दोन पेशंट, संध्याकाळी पाठवलेलं पोटॅशियम बघायचं राहिलंय हे आठवणं. १९७१ चा एक जुना अभ्यास आहे, इंटर्नना रात्रभर जागल्यावर ईसीजीच्या पट्ट्या वाचायला दिल्या, तर झोपून आलेल्या दिवसापेक्षा चुका जवळपास दुप्पट निघाल्या. वाचता येत होतं, फक्त नजर वरून निसटत होती.

आणि दुसरी गोष्ट जाते ती म्हणजे मत बदलणं, जी मला जास्त धोकादायक वाटते. माझंच सांगतो. रेसिडेंट असताना लागोपाठ दुसरी नाईट, व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटच्या श्वासमार्गातलं हवेचं प्रेशर वाढलं, अलार्म वाजायला लागला. मी म्हटलं ब्रॉंकोस्पाझम, म्हणजे श्वासनळ्या आवळल्यात. औषध दिलं, अलार्म चालूच, अजून दिलं, डोस वाढवला, छातीत शिट्टी ऐकू येतेय असं स्वतःला पटवलं सुद्धा. २५ मिनिटं. सकाळच्या पाळीचा मुलगा आला, त्याने नुसतं तोंडाशी वाकून बघितलं, पेशंटने ट्यूब दातांनी चावून धरलेली होती. दातांमध्ये बाइट ब्लॉक, म्हणजे ट्यूब चावता येऊ नये म्हणूनचा ठोकळा घातला, अलार्म बंद. ते मला येत नव्हतं का? परीक्षेत विचारलं असतं तर प्रेशर वाढण्याची दहा कारणं क्रमाने म्हटली असती आणि ट्यूब तपासणं पहिलं म्हटलं असतं. पण थकलेलं डोकं एकदा एका खुंटीला अडकलं की तिथेच लोंबकळत राहतं. त्या मुलाची हुशारी माझ्यापेक्षा जास्त नव्हती, तो ८ तास झोपून आला होता इतकंच.

हे असं चाललंच का आहे, हे पण विचारलंय तुम्ही, थोडं रागानेच. रेसिडेंट हा शब्दच मुळात हॉस्पिटलमध्ये राहणारा यावरून आलाय. १८८९ मध्ये अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स सुरू झालं, तिथे सर्जरीचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड यांनी सर्जनच्या ट्रेनिंगची ही पद्धत बसवली, की मुलांनी वर्षानुवर्षं तिथेच राहायचं आणि हाक आली की हजर व्हायचं. हॉलस्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, लोकल ॲनेस्थेशियाचे प्रयोग स्वतःवर करता करता कोकेन लागलं. मोठा सर्जन, वादच नाही. पण त्या काळच्या वॉर्डात मॉनिटर नव्हते, इन्फ्युजन पंप नव्हते, एका पेशंटमागे दिवसाला २० ऑर्डरी नव्हत्या. पेशंट आठवडेच्या आठवडे पडून असायचे. काम बदललं आणि पाळी तीच राहिली.

हलवाहलव झाली ती १९८४ नंतर. न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी तापासाठी ॲडमिट झाली आणि काही तासांत गेली. ती डिप्रेशनसाठी फेनेल्झिन घेत होती आणि तिला पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं, ही जोडी जीवघेणी ठरू शकते. तिला बघणारे ज्युनियर डॉक्टर लांबलचक पाळीत होते, डोक्यावर बरेच पेशंट होते आणि सिनियर जागेवर नव्हते. वडील पत्रकार, त्यांनी प्रकरण सोडलं नाही, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली, २००३ मध्ये ती सगळ्या अमेरिकेतल्या रेसिडेंटना लागली. युरोपात सरासरी ४८ तास आणि रोज सलग ११ तास विश्रांती असा कायदा आहे. भारतात १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला साधारण ४८ तास असं लिहिलेलं आहे, हो, १९९२ पासून, आणि २०२४ मध्ये एका राष्ट्रीय समितीला आठवड्याला ७४ पेक्षा जास्त नको अशी शिफारस करावी लागली, यातच काय ते आलं.

पण तास कमी केले की प्रश्न मिटतो असं मी म्हणणार नाही, आणि इथे माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. २००४ चा अभ्यास सांगतो की आयसीयूत २४ तासांच्या वरच्या पाळ्या ठेवल्या तेव्हा इंटर्नच्या गंभीर चुका छोट्या पाळ्यांपेक्षा ३६ टक्के जास्त होत्या. बरोबर. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या सहा लहान मुलांच्या आयसीयूंमध्ये तसंच करून बघितलं, तर पाळ्या छोट्या झाल्या आणि चुका उलट वाढल्या. का, तर छोट्या पाळीत एका रेसिडेंटकडे सरासरी ८.८ पेशंट आले, आधी ६.७ होते. तास कापले आणि हात वाढवले नाहीत. मी रोस्टर लावताना हाच दगड पायावर पाडून घेतलाय. मोठ्या कौतुकाने २४ च्या १२ केल्या, माणसं तेवढीच, मग रात्री एकाकडे दुप्पट बेड आणि दिवसातून दोनदा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला पेशंट सोपवणं, तोही उभ्या उभ्या, "सगळे स्टेबल आहेत" एवढाच. पहिल्याच महिन्यात एकाची डायलिसिस ठरलेली होती ते रात्रीच्या माणसाला कोणी सांगितलंच नाही. पेशंट सलग एकाच डॉक्टरच्या नजरेखाली राहिला पाहिजे असं जुने लोक म्हणतात त्यात तथ्य आहे, त्यांना हसू नका. उपाय हँडओव्हर नीट करणं हा आहे. ठरलेल्या साच्यात लेखी आणि तोंडी हँडओव्हर करायला शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या असं नऊ हॉस्पिटलांच्या अभ्यासात २०१४ ला दिसलंय. आमच्याकडे आता बेडजवळ उभं राहून एकेकाचं बोलायचं, आणि घेणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. वेळ जातो. जाऊ दे.

बरं, तास तुमच्या हातात नाहीत, मग तुमच्या हातात काय आहे.

पहिलं, नाईटच्या आधी दुपारची झोप. ही चैन नाही, कामाचा भाग समजा. दीड तास मिळाला तर उत्तम, कारण झोपेचं एक चक्र साधारण तेवढ्याचं असतं. सकाळपासून जागे राहून रात्री ८ ला ड्यूटीवर गेलात तर पहाटे ४ ला तुम्हाला २१-२२ तास झालेले असतात, दुपारी झोपून गेलात तर १२. गणित एवढं सोपं आहे आणि तरी मी स्वतः ते वयाच्या पस्तिशीनंतर करायला लागलो.

दुसरं, रात्री डुलकी. दोघं असाल तर रात्र वाटून घ्या, १ ते ३ एकाची, ३ ते ५ दुसऱ्याची, आणि झोपणाऱ्याचा फोन खरंच दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर ती झोप नाहीच. एकटे असाल तर २० मिनिटांचा गजर लावून पडा. मधलीच, पाऊण-एक तासाची झोप शक्यतो नको, गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग १५ ते ३० मिनिटं माणूस अर्धवट असतो. हा अर्धवटपणा फार महत्त्वाचा आहे. तुमची ४० युनिटची ऑर्डर कॉटवरून नुकतंच उठून लिहिलेली होती का? तुमच्या प्रश्नात ते नाहीये, पण मी पैज लावायला तयार आहे. झोपेतून उठवून विचारलेल्या ऑर्डरी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. नियम करा स्वतःसाठी, दिवा लावल्याशिवाय आणि पाय जमिनीवर टेकल्याशिवाय फोनवर एकही आकडा बोलायचा नाही. सिस्टरना सांगा, मी दोन मिनिटांत परत फोन करते. दोन मिनिटं कुठलंही इन्सुलिन थांबू शकतं. आणि पेशंट क्रॅश होत असेल तर तसंही तुम्ही फोनवर बोलत बसणार नाही, पळत जाल.

तिसरं, काही औषधांच्या बाबतीत रात्री १ नंतर स्वतःवर विश्वास ठेवायचाच नाही. माझी यादी: इन्सुलिन, हेपरिन, शिरेतून पोटॅशियम, मॉर्फिन-फेंटानिल, लहान मुलांचा कुठलाही डोस, आणि रक्ताची पिशवी. हे लिहिल्यावर शेजारी जे कोणी असेल त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, पेशंटचं नाव, औषध, आकडा, युनिट. त्यांनी परत म्हणायचं. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं. युनिट हा शब्द पूर्ण लिहा, नुसता यू काढला की घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० व्हायला तुमची झोप पण लागत नाही. आणि जे सकाळपर्यंत थांबू शकतं ते ३ ते ५ मध्ये ठरवू नका. अँटिबायोटिक बदलायचं का याचा विचार साडेतीनला करायची गरज नसते, वहीत लिहा आणि सकाळी ताज्या डोक्याच्या माणसासमोर टाका.

कॉफी. कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे झोपेचा दाब कमी होत नाही, फक्त घंटी ऐकू येत नाही. चालायला २०-३० मिनिटं लागतात आणि अर्धं उतरायला साधारण ५ तास. म्हणून पहाटे ५ ला मोठा मग रिचवणं हा मूर्खपणा आहे, सकाळी १० ला घरी पडल्यावर निम्मं अजून रक्तात असतं आणि दिवसाची झोप वाया जाते. त्यापेक्षा डुलकीच्या लगेच आधी छोटा कप घ्या, उठेपर्यंत ते चढलेलं असतं. रात्री २ नंतर मी घेत नाही. गोळीचं विचारलंत, मोडाफिनिल बरेच जण घेतात, मला माहीत आहे. पाळीच्या कामाने होणाऱ्या झोपेच्या आजारात ती डॉक्टरच्या सल्ल्याने देतात, पण मित्राच्या खिशातून घेऊन नको. ती जागं ठेवते, आणि वर आपण एकदम बरोबर आहोत असा आत्मविश्वास देते, तो तर या कामात विषच. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिने कमी होतो, हे बहुतेक मुलींना कोणी सांगत नाही.

घरी जाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणार. २४ तासांच्या वर पाळी करून गाडी चालवत निघालेल्या इंटर्नना अपघाताची शक्यता २.३ पट असते असं २००५ मध्ये अमेरिकेत निघालं होतं. मी एकदा घरी पोचलो, गाडी लावली, आणि मला रस्त्यातला एकही सिग्नल आठवेना. लाल होते की हिरवे देव जाणे. तेव्हापासून पोस्ट-ड्यूटी मी चालवत नाही. दुसऱ्या कोणी सोडावं, नाहीतर ड्यूटी रूममध्येच अर्धा तास पडून, उठून १५ मिनिटं थांबून मग निघावं. पोचल्यावर रोज आईला किंवा रूममेटला मेसेज टाका.

सिनियरशी बोलण्याबद्दल. "मला झेपत नाही" म्हणाल तर चर्चा तुमच्यावर येते आणि तिथेच संपते. "पाच नंबरच्या बेडचा हा डोस मी २६ तास जागी राहून काढलाय, एकदा बघून घ्याल का" म्हणालात तर नाही म्हणणं अवघड आहे, कारण नाही म्हटलं तर तो डोस त्यांचा होतो. सगळीकडे चालेल असं नाही. काही युनिटांमध्ये तोंड उघडणाऱ्यालाच जास्तीच्या ड्यूट्या लागतात, मी पाहिलंय, तिथे एकट्याने पुढे होऊ नका, चौघांनी मिळून तासांची नोंद ठेवा, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बस. मी रोस्टरवाला म्हणून सांगतो, तक्रारीपेक्षा अशा नोंदीला आम्ही जास्त घाबरतो.

लायक नाही का, या प्रश्नाला मी लांबून ना हो म्हणू शकत, ना नाही. पण एक चाचणी सांगतो, सलग दोन रात्री पोटभर झोप मिळाल्यावर पेशंट बघायला बरं वाटतं का? वाटत असेल तर तो थकवा आहे, लायकीशी त्याचा संबंध नाही. झोपूनही रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, सकाळ नकोशी वाटत असेल, किंवा जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच सायकिॲट्रिस्टला भेटा, जवळच्या एकाला सांगून. रेसिडेंट लोक हे सगळ्यात उशिरा करतात.

आणि त्या सिस्टरना जाऊन सांगा की तुमच्या फोनमुळे वाचलो. घडलं ते युनिटमध्ये लेखी नोंदवा, मी चुकले असं नाही, ऑर्डर अशी गेली, अशी पकडली गेली, एवढंच. परवाच्या नाईटला त्या असतील तर सुरुवातीलाच म्हणा, रात्री १ नंतर माझी कुठलीही इन्सुलिनची ऑर्डर मला परत वाचून दाखवा, मी चिडणार नाही. आणि जायच्या आधी दुपारी दीड तास झोपा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.